रोजडा कुठून येतो, ते कसं शोधायचं

इंदूरजवळ तिल्लोरच्या बाजूला आमची पाच बिघे जमीन आहे. शेतातून समोर रालामंडलची टेकडी दिसते, माथ्यावर होळकरांची शिकारगाह. शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण जनावरांच्या वाटेचा पहिला धडा मिळाला तो माझ्याच आगाऊपणामुळे. नाल्याकडच्या कुंपणाला एक भगदाड होतं, रोजडे, म्हणजे नीलगाई, तिथूनच आत यायचे. एका थंडीत मी ते बाभळीच्या फांद्यांनी गच्च बुजवलं. चौथ्या रात्री कळपाने वीस पावलं पुढे शेजाऱ्यांची तार वाकवली, त्यांचा हरभरा आडवा केला आणि तिथून आमच्या लसणाचे वाफे तुडवले. आमचे बटाईदार काका हसले नुसते. "बई, रोजड़ो अपणी बाट नी छोड़े."

तेव्हापासून आधी वाट शोधायची, मग काय ते ठरवायचं, असा माझा नेम आहे.

आलेलं जनावर कोणतं, हे आधी पक्कं करा. आपण सगळ्यांनाच हरण म्हणतो, पण नीलगाय (विदर्भात रोही, आमच्या माळव्यात रोजडा) आणि काळवीट ही कुरंगाच्या (अँटिलोप) जातीतली. त्यांची शिंगं जन्मभराची. चितळ-सांबर खरी हरणं, त्यांच्या नरांची शिंगं गळतात आणि पुन्हा उगवतात. शेतकऱ्याला शिंगांपेक्षा सवयी उपयोगी. सांबराला दाट झाडी आणि चढ-उतार लागतो, चितळाला जंगलाची कड आणि जवळ पाणी, काळविटाला दूरवर नजर जाईल असा सपाट माळ. रोजडा मात्र झुडपांत, पडीक जमिनीत, नाल्याच्या काठी कुठेही भागवून घेतो. रालामंडल 1989 साली अभयारण्य झालं खरं, पण ते अडीच चौरस किलोमीटरही नाही. रोजड्याचं अर्धं घर कुंपणाबाहेरच आहे म्हणा ना.

हे घर घरबसल्या फोनवर दिसतं. उपग्रहाचा नकाशा उघडा, आपलं शेत मध्ये घ्या आणि हिरवे धागे शोधा: नाले, ओढ्याची कड, आणि कॉलनीसाठी प्लॉट पाडून वर्षानुवर्षं तशीच पडून राहिलेली जागा. बायपासच्या आसपास अशा जागा किती आहेत ते इंदूरकरांना सांगायला नको! रस्ते आखलेले, खांब रोवलेले आणि मधे पुरुषभर विलायती बाभूळ. माणसांचा वावर असला की ही जनावरं दिवस आडोशाला काढतात आणि अंधारात चरायला निघतात. दिवसाचा आडोसा आणि रात्रीचं पीक यांना जोडणारा धागा सापडला की निम्मं काम झालं.

मग सकाळी सातच्या आत शेतावर जा. ऊन तिरपं असतं, ठशात सावली पडते, दुपारी त्याच जागी काही दिसत नाही. काळी माती ओली असेल तर ठसा साच्यात काढल्यासारखा उमटतो. रोजड्याचा खूर लांबट, पुढे निमुळता. गाई-बैलाचा रुंद आणि गोलसर. ठशाची कड धारदार असेल तर तो रात्रीचाच. कड ढासळलेली, आत किड्यांच्या रेघा असतील तर जुना. शेळीचा ठसा बऱ्याचदा फसवतो, म्हणून एका ठशावर निकाल देऊ नका, ओळ कुठे जाते ते बघा.

हरभऱ्याचा खाल्लेला शेंडा हातात घेऊन बघा. हरणाला किंवा रोजड्याला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून देठ ओरबाडल्यासारखा, धागे निघालेला दिसतो. सशाने खाल्लेला देठ कात्रीने तिरपा कापावा तसा स्वच्छ. माती उकरलेली असेल तर ते रानडुकराचं काम. रोजडा लेंड्याही पुन्हापुन्हा त्याच जागी टाकतो. असा ढीग सापडला की वाट हाकेच्या अंतरावर आहे समजा. तारेला अडकलेले केसही बघा.

खात्रीसाठी संध्याकाळी भगदाडासमोर हातभर रुंदीची बारीक चाळलेल्या मातीची पट्टी पसरा. सकाळी किती आले, कुठल्या दिशेने गेले, सगळं लिहिलेलं मिळतं. मी हे पंधरवड्यातून एकदा करते, कारण वाट पिकाबरोबर सरकते. सोयाबीन उभं असताना तेच लपायला पुरतं. ऑक्टोबरपर्यंत ते कापलं की रान उघडं पडतं आणि सगळी वर्दळ नाल्यात येते. थंडीत हरभरा, मार्चनंतर जिथे पाणी असेल तिथे.

जिथे असा नाला रस्त्याला छेदतो तिथे रात्री गाडी हळू घ्या. पुलियाचे, म्हणजे रस्त्याखालच्या मोरीचे, पाइप रोजड्याला पुरत नाहीत, तो वरूनच रस्ता ओलांडतो. एक गेला म्हणून वेग वाढवू नका, मागे आणखी असतात.

शाजापूरकडे 2025 मध्ये हेलिकॉप्टरने हाकून आठशेहून अधिक काळवीट नरसाळ्यासारख्या कापडी कुंपणात, म्हणजे बोमात, घेतले आणि दुसऱ्या जंगलांत सोडले. ते वनखात्याचं काम. आपण जनावरांमागे धावायचं नाही आणि कुंपणात वीज तर अजिबात सोडायची नाही. एखाद्या रात्री त्या तारेला माणूसच चिकटायचा. मी भगदाड पुन्हा मोकळं केलं. नाल्याकडे लसूण लावला, हरभरा विहिरीजवळ आणला, मधे जाळी टाकली. शेजाऱ्यांशीही बोलून घेतलं, नाहीतर आपली वाट त्यांच्या शेतात.

गेल्या कार्तिकात पट्टीवर एका मोठ्या ठशाशेजारी दोन चिमुकले ठसे होते. रोजडीला बऱ्याचदा जुळं होतं. काकांनी ते वाकून पाहिले आणि म्हणाले, यंदा हरभरा आणखी दोन ओळी आत सरकवा.