कोलेस्टेरॉल वाढलेल्या कुत्र्याला व्यायाम कसा द्यावा

रक्ततपासणीत कुत्र्याचे कोलेस्टेरॉल वाढलेले दिसले की दुसऱ्याच दिवशी त्याला पळवायला नेण्याचा मोह होतो, तो आवरावा. नमुना बारा तास उपाशीपोटी घेतला होता का, हे आधी विचारावे. कुत्र्यांत हा आकडा बहुधा थायरॉइडची कमतरता, मधुमेह, कुशिंगचा विकार (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक अति होणे) किंवा मूत्रावाटे प्रथिने जाणारा मूत्रपिंडाचा आजार यांमुळे चढतो आणि मूळ आजारावर उपचार झाल्याशिवाय केवळ चालण्याने तो उतरेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

मग व्यायाम कशासाठी? १९१३ मध्ये रशियन संशोधक निकोलाय आनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर निर्माण केले होते. कुत्र्याचे बहुतांश कोलेस्टेरॉल मात्र एचडीएल या ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलच्या कणांमधून वाहत असल्याने त्याच्यात असे थर क्वचितच साचतात. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला माकडांवरील प्रयोग येथे अधिक बोलका आहे: चरबीयुक्त आहारावरील माकडांपैकी काहींना ट्रेडमिलवर चालवले, तेव्हा दोन्ही गटांचे एकूण कोलेस्टेरॉल जवळपास सारखेच राहिले, तरीही व्यायाम करणाऱ्यांच्या हृदयाच्या धमन्या अधिक रुंद आणि कमी रोगग्रस्त आढळल्या. प्रवाह वाढला की रक्तवाहिनीचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि वाहिनी सैलावते. म्हणून व्यायामाचे यश केवळ रक्ताच्या अहवालावरून जोखू नये.

पशुवैद्यकाने हृदयाचे ठोके ऐकून अनुमती दिल्यावर सपाट जागी, पट्टा लावून, दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे चालवावे. पहिली काही मिनिटे खांब हुंगण्यात गेली तरी चालतील. पुढे मात्र चाल सलग हवी. त्रास दिसला नाही, तर दर आठवड्याला थोडी मिनिटे वाढवावीत. आठवडाभर निजवून रविवारी दमवणे सर्वांत वाईट. उन्हात नेऊ नये, आखूड नाकाच्या जातींना तर मुळीच नाही. खोकला, अडखळणे, भोवळ किंवा निळसर-करड्या हिरड्या दिसल्या, तर तिथेच थांबून पशुवैद्यकाला गाठावे.

घरी एक मोजमाप जरूर ठेवावे. कुत्रा गाढ झोपलेला असताना बरगड्यांकडे पाहावे: छाती वर येऊन खाली गेली की एक श्वास. तीस सेकंद मोजून दुप्पट करावी. पंजे थरथरत असतील तर तो स्वप्नात आहे. तेव्हाचा आकडा धरू नये. निरोगी कुत्र्यात ही संख्या मिनिटाला तीसच्या आत असते. ती वारंवार ओलांडली गेली, तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी पशुवैद्यकाला कळवावे.

कुत्रा लठ्ठ असल्यास आहारही मापून द्यावा आणि वजन आठवड्याला एक ते दोन टक्क्यांहून वेगाने उतरू देऊ नये. पुढची रक्ततपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, पुन्हा उपाशीपोटीच करावी.