ताडोबाच्या गावांत वाघाबद्दल बोलायला जाताय? आधी हे वाचा

कॉलेजची पोरं, नागपूर-पुण्याचे ग्रुप, बरेच जण विचारतात की ताडोबा व्याघ्रप्रकल्पाच्या बफरमधल्या (कोअर म्हणजे आतलं राखीव जंगल, बफर म्हणजे त्याच्या भोवतालचा पट्टा) गावांत वाघ वाचवण्याच्या प्रचाराला जायचंय, कसं करायचं, म्हणून मी जे करते ते लिहिते.

आधी वेळ बघा. मार्चअखेर ते एप्रिल मोहफुलांचे दिवस, बायामाणसं पहाटे चारलाच टोपली घेऊन जंगलाकडे निघतात, मेमध्ये तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणा म्हणजे धानाची लावणी, दिवाळीच्या आगेमागे धानकापणी. या दिवसांत दुपारी गेलात तर म्हातारी माणसं आणि लहान पोरं सोडून कोणी भेटत नाही. आणि मोह-तेंदू वेचताना माणूस वाकलेला असतो, लक्ष जमिनीकडे असतं, धोका तेव्हाच जास्त, म्हणून सावधगिरीचं बोलणं त्याच्या आधी, फेब्रुवारीतच उरकायला हवं. दिवाळीनंतर झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या भागाची, नाटकं सुरू होतात, गावात नाटक असेल त्या रात्री मीटिंग ठेवू नका, नाटक बघायलाच जा, आजूबाजूच्या गावांतले पाहुणे आलेले असतात, ओळखी तिथे होतात.

प्रवास एसटीनेच करा. चंद्रपूर, मूल, सिंदेवाही, चिमूर इथून गाड्या आहेत, आणि ज्या गावाला मुक्कामी गाडी जाते तिथून सुरुवात करा, ती संध्याकाळी पोचते, रात्री गावातच थांबते, सकाळी निघते, म्हणजे लोक घरी असतात तेव्हाच तुम्ही गावात असता (बायकांना 2023 पासून हाफ तिकीट आहे, त्यामुळे आमचा खर्च बराच आटोक्यात येतो). राहायचं समाजमंदिरात नाहीतर शाळेत, सरपंच आणि पोलीस पाटलांना आधी फोन करून. अंधार पडल्यावर जंगलाच्या रस्त्याने बाईक नको, कितीही जवळचं गाव असलं तरी नको. आरएफओंना (वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना) कळवून ठेवा पण वनखात्याच्या जीपमधून गावात उतरू नका, एकदा लोकांनी तुम्हाला खात्याची माणसं समजलं की पुढे कोणी मोकळं बोलत नाही.

दारात गेल्यावर नमस्कार नीट करा, गोंड घरांत जय सेवा, बौद्ध वस्तीत जय भीम, बाकी राम राम चालतो. मग काकाजी, मावशी म्हणून बसा, पाणी घ्या, आणि वाघाचा विषय तुम्ही काढू नका. तो आपोआप निघतो. कोणाची गाय गेलेली असते, कोणाचं धान रानडुकरांनी लोळवलेलं असतं, कोणाच्या घरचं माणूस गेलेलं असतं. ऐका. मध्येच 'पण वाघ आहे म्हणून जंगल आहे' असलं काही बोलू नका, ते त्यांना माहीत आहे, ताडोबा हे नावच गोंडांच्या तारू देवाचं आहे आणि तो वाघाशी लढताना गेला असं तिथली माणसं पिढ्यानपिढ्या सांगतात.

आता खरं काम. पिशवीत पोस्टर कमी आणि नुकसानभरपाईचे कोरे अर्ज जास्त ठेवा. जनावर मारलं गेलं तर 48 तासांच्या आत वनरक्षकाला कळवायचं, पंचनामा होईपर्यंत ते हलवायचं नाही, फोटो काढून ठेवायचे, आधार आणि पासबुकची झेरॉक्स तयार ठेवायची, पिकाचं नुकसान असेल तर सातबारा लागतो. कोणाला कळवायचं हे सुचत नसेल तर 1926 ही वनविभागाची हेल्पलाइन. नुकसानभरपाईचे आकडे बदलत असतात म्हणून नवीन जीआरची (शासन निर्णयाची) प्रिंट सोबत न्या, तोंडी आकडा सांगू नका. एका गावात मी तीन वेळा गेले आणि तीनही वेळा फक्त अर्जच भरले, चौथ्या वेळी तिथल्याच एका मावशींनी बचत गटाच्या बाया गोळा करून मला बोलायला बसवलं. त्या दिवशी मी फक्त एवढंच बोलले की मोहाला एकटं जायचं नाही, उजाडल्यावरच निघायचं, गटाने आवाज करत राहायचं, झाडाखाली आग लावायची नाही.

निवेदनावर गावकऱ्यांच्या सह्या घेणार असाल तर जपून. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं कोअरमधून उठली हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कागद पुढे केला की पहिली भीती हीच, सही दिली तर आमचंही गाव उठवतील. कागद पूर्ण वाचून दाखवा, त्याची एक प्रत गावात ठेवा, आधार नंबर मागू नका. आणि माझ्या मते हजार सह्यांपेक्षा ग्रामसभेचा एक ठराव भारी पडतो, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा असते, विषय आधीच ग्रामसेवकांकडे द्यायला सांगा आणि तो गावातल्याच माणसाने मांडायचा, तुम्ही मागे बसायचं. ताडोबाजवळची लोहाऱ्याची कोळसा खाण 2009 मध्ये अडली तीही चंद्रपूरचेच लोक रस्त्यावर उतरले, उपोषणाला बसले म्हणून.

गावात नुकताच हल्ला झाला असेल तर प्रचार बंद. पत्रकं पिशवीतच राहू द्या, त्या घरी जाऊन बसा, तेराव्यापर्यंत दुसरं काही बोलू नका. वाघाचे व्हिडिओ स्टेटसला टाकू नका, जागा कळते आणि गर्दी होते.

निघायच्या आधी वहीत लिहा, कोणाचा अर्ज कुठे अडलाय, आणि महिन्याभरात वनखात्याच्या रेंज ऑफिसला जाऊन त्याचं काय झालं ते विचारा, मग पुढच्या फेरीत पहिलं त्याच घरी जा, पैसे आले नसतील तरी जा.