शेंगांचं बटर मिक्सरमध्ये अडलं, लोण्याचं पीठ सैल झालं? या चुका टाळा

बेळगावकडं आम्ही शेंगदाण्याला सरळ शेंगा म्हणतो. शेंगांची चटणी, शेंगांची पोळी, आमटीत शेंगांचं कूट, सगळं हाताखालचं. तरी पीनट बटर घरी करायला घेतलं की पहिल्या खेपेला बहुतेकींचं बिघडतं. माझं तर बिघडलंच होतं.

झालं असं, की दळता दळता कुटाचा गोळा झाला आणि पातं खाली नुसतंच फिरायला लागलं. ओल्या चटणीला घालते तसं मी दोन चमचे पाणी घातलं. गोळा सैल व्हायचा सोडून तट्ट झाला, उलथण्यानं निघेना. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, "आता अजून पाणी घाल की गं, आमटी तरी होईल." आणि झाली पण!

काकूंच्या चेष्टेत खरी गोम आहे. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. पुरेसं दळलं की ते सुटतं आणि दाण्याचे बारीक कण त्यात पोहत राहतात. बटर वाहतं ते त्यामुळं. त्यात थोडंसं पाणी पडलं की कण ते शोषतात आणि एकमेकांना धरून बसतात. पाणी भरपूर झालं की मात्र तेच कण पाण्यात पसरतात आणि सगळं पुन्हा सैल होतं. म्हणून पावाला लावायच्या बटरमध्ये पाण्याचा थेंबही नको. भांडं, चमचा, दाणे, सगळं कोरडं पाहिजे. आमटीत किंवा रश्श्यात बटर घालायचं असेल तर आधी वाटीत घेऊन गरम पाण्यानं चमच्याचमच्यानं कालवा. मधे एकदा ते आवळून येणारच. तिथं घाबरून हात आखडू नका, पुढचे दोन चमचे पडले की सुटतं.

गोळा झाला तरी थांबायचं नसतं, ही अर्धी लढाई. दाणे मंद आचेवर खमंग भाजा, सालं काढा आणि कोमट असतानाच दळा. आधी कूट, मग गोळा, मग चकाकी येऊन ओघळ. मिनिटभर फिरवा, भांड्याच्या कडा खरवडा, मोटर तापली तर थांबा. सगळं मिळून आठ-दहा मिनिटं जातात. अगदीच अडलं तर चमचाभर शेंगतेल घाला. गूळ हवा असेल तर शेवटी, तोही कोरडा चुरा करून. ओलसर गुळात पाणी असतं, म्हणजे पुन्हा माझीच गत.

काजूचं वेगळं. खानापूर-चंदगडकडचे काजू घरात आले की पेस्ट घालून ग्रेव्ही व्हायचीच. काजूत तेल आहे तसं स्टार्चही आहे, आणि ते शिजल्यावर फुगतं. पेस्ट घातल्या घातल्या पातळ दिसलं म्हणून आणखी पेस्ट घालाल तर पाच मिनिटांत पिठलं होईल. मंद आचेवर पाच-सात मिनिटं शिजू द्या, मग ठरवा. निवल्यावर ते आणखी घट्ट होतं, म्हणून पातेल्यात हवं त्यापेक्षा जरा सैलच ठेवा.

आता लोणी. विकतच्या बटरमध्ये निदान 80 टक्के स्निग्धांश आणि फार तर 16 टक्के पाणी असावं, असा नियम आहे. घरच्या लोण्याला कसला नियम? ताक नीट निघालं नसेल तर पाणी बरंच जास्त असतं. असं लोणी नानकटाईच्या पिठात गेलं की पीठ सैल होतं आणि नानकटाई पसरते. लोणी गार पाण्यात दोन-तीनदा धुऊन, हातानं दाबून पाणी काढा, आणि मगच मोजा. पीठ सैल झालंच तर मैदा घालत सुटू नका, नानकटाई दगड होईल. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून बघा. तूप वापरायचं तर त्यात पाणी नसतंच, त्यामुळं लोण्याएवढंच तूप घेतलं की ते जास्त होतं. पाचवा हिस्सा कमी घ्या.

ग्रेव्हीत लोणी घालून उकळत ठेवू नका. आच बंद करा, गार लोण्याचे तुकडे टाका आणि ढवळा. ते रश्श्यात मिसळून दाटपणा आणि चमक देतं. खळखळ उकळलं तर तूप वर आणि पाणी खाली. फुटलंच तर खाली उतरवून चमचाभर पाणी घाला आणि जोरात घोटा, बहुतेक वेळा जमून येतं. (शेंगांच्या आमटीवर आलेल्या तेलाला मात्र फुटलं म्हणू नका, तो तवंग आम्हाला हवाच असतो.)

शेंगांचं बटर ठेवून दिलं की तेल वर येतं. ते ओतून टाकलंत तर तळाशी वीट राहील. बरणी उलटी ठेवा, दोन दिवसांनी सुलटी करून ढवळा. फक्त झाकण घट्ट लागलंय का बघा. आमच्या फडताळाच्या दुसऱ्या फळीवर अजून तेलाचा गोल डाग आहे.