सूत घेताना नुसत्या नंबरावर जाऊ नका

मालेगावात सूत घ्यायला आलेला नवखा माणूस पहिली चूक दुकानाच्या पायरीवरच करतो: "४० नंबर द्या." नंबर हे फक्त बारीकपणाचं माप. एका पौंडात ८४० यार्डांच्या जेवढ्या लडी बसतात, तेवढा नंबर. म्हणून नंबर वाढला की सूत बारीक. २/४० म्हणजे ४० नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेले, जाडी साधारण २० नंबरची. येवल्यात रेशीम घेताना हा हिशेब उलटा होतो. तिथे डेनियर, म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा, धागा जाड.

सूत कातलंय कसं, हे नंबर सांगत नाही आणि खरी फसगत तिथेच होते. कापूस पिंजून, पेळू (तंतूंची सैल वात) करून कातला की कार्डेड. पिंजल्यावर विंचरून आखूड तंतू काढून टाकले की कोंब्ड. गुळगुळीत, मजबूत आणि अर्थातच महाग. ओपन एंड सूत, म्हणजे फिरत्या रोटरमध्ये कातलेलं, हे त्याच नंबरच्या रिंगच्या, म्हणजे चातीवर कातलेल्या सुतापेक्षा फुगीर, पण ताकदीला कमी. टॉवेलला, सतरंजीच्या बाण्याला (आडव्या धाग्याला) झकास. ते बारीक कापडाच्या ताण्याला (उभ्या धाग्याला) लावायचं आणि धागे तुटायला लागले की कारागिराला बोल लावायचे, याला काय म्हणावं!

ओळखायला सोपं आहे. वीतभर धागा दोन्ही हातांत धरून उलटा पीळ द्या. रिंगचं सूत सरळ उलगडतं, तंतू समांतर दिसतात. ओपन एंडमध्ये मध्येमध्ये तंतूंचे घट्ट वेढे बसलेले असतात. ते सुटत नाहीत.

ताणा तुटतोय? खळ (धाग्याला लावलेली पेज) नीट बसली आहे का ते आधी पाहा, मग हवा. ओलाव्याने सुती धाग्याची ताकद वाढते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तोच धागा कडक होऊन तुटतो. शेडमध्ये दमटपणा ठेवा.

रंगवल्यावर कापडावर पट्टे आले तर लगेच रंगाऱ्याशी भांडू नका. बहुतेक वेळा दोन लॉटचे, म्हणजे वेगवेगळ्या खेपेत कातलेल्या सुताचे कोन (सूत गुंडाळलेले शंकू) मिसळलेले असतात. कोऱ्या कापडात हे दिसत नाही. एका ताग्याला एकच लॉट, आणि कोनाच्या आतली चिठ्ठी फेकायची नाही.

धागा सैल सोडल्यावर स्वतःभोवती पिळून गाठीसारखे वळसे पडत असतील तर पीळ जास्त आहे किंवा तो बसलेला नाही. वाफ देऊन बसवून घ्या.

भेसळीची शंका असेल तर तुकडा जाळून पाहा. कापूस कागदासारखा जळतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. हा प्रयोग मात्र घरी करा. सुताच्या दुकानात काडी ओढू नका.