इंग्रजी कवितेचे रसग्रहण : मराठीच्या वाटेने

लातूर-परभणीकडच्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने इंग्रजी रसग्रहणाला भिण्याचे कारण नाही. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक आणि पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, एवढी सांगड आधी घालावी. पैठणच्या एकनाथांच्या भारुडात चावणारा विंचू काम-क्रोधाचा असतो, हे ज्याने सप्ताहात ऐकले आहे, त्याला रूपक वेगळे शिकवावे लागत नाही. मात्र अलंकाराचे नाव लिहून थांबू नये (बहुतेक गाईडे तिथेच थांबतात). तो अलंकार त्या ओळीत काय साधतो, हे लिहावे.

पहिले वाचन मोठ्याने करावे आणि दुसऱ्या वाचनात पेन्सिलीने फक्त क्रियापदे अधोरेखित करावीत. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, इंग्रजीत ते सहसा कर्त्यानंतर लगेच येते. कवीने हा क्रम मोडला असेल, तर तो यमकासाठी, लयीसाठी की एखाद्या शब्दावर जोर देण्यासाठी, हे तपासावे. यमकाची योजना ए-ए-बी-बी अशी अक्षरांनी (यमक जुळणाऱ्या ओळींना एकच अक्षर) नोंदवली की पुरे.

कवितेऐवजी भाषणाचा उतारा असेल, तर पॅसिव्ह व्हॉइस (कर्मणी प्रयोग) शोधावा. 'मिस्टेक्स वेअर मेड' (चुका केल्या गेल्या) या वाक्यात चूक करणाराच नाहीसा होतो, आणि वक्त्याला बहुधा तेच हवे असते.