स्क्रीन रीडर घेण्याआधी त्याच्याकडून मराठी वाचून घ्या

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून वाचणारा प्रोग्राम. तो निवडताना नव्याने संगणक शिकणारे अंध विद्यार्थी आणि त्यांचे पालक बहुतेक वेळा किमतीपासून सुरुवात करतात. विंडोजचा संगणक असेल तर हा प्रश्न लवकर सुटतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर पूर्णपणे मोफत आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध प्रोग्रामरने तो लिहायला घेतला आणि आज जगभर तो वापरला जातो. विंडोजमध्ये आधीपासून असलेला नॅरेटर हा स्क्रीन रीडर विंडोज+कंट्रोल+एंटर दाबल्यावर बोलू लागतो. एनव्हीडीए उतरवून बसवेपर्यंत तेवढा पुरतो. जॉज हा तिसरा स्क्रीन रीडर विकत घ्यावा लागतो आणि महाग आहे. परवान्याशिवाय तो एका वेळी चाळीस मिनिटं चालतो, मग संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. चाचणीसाठी एवढं पुष्कळ आहे. पेन ड्राइव्हवरून फिरणारा ‘क्रॅक’ जॉज मात्र घेऊ नका. त्याच्याबरोबर व्हायरस येऊ शकतो, आणि पुढच्या विंडोज अपडेटनंतर तो गप्प झाला तर दाद मागायला कुणी नसतं.

खरी निवड आवाजाची करायची असते. विंडोज १० किंवा ११ वर एनव्हीडीए बसवला की तो विंडोजचाच इंग्रजी आवाज उचलतो. तो आवाज मराठी मजकुरावर आला की सरळ गप्प बसतो, आणि नवख्याला वाटतं फाइल रिकामी आहे. उपाय एनव्हीडीएतच आहे. एनव्हीडीए+कंट्रोल+एस दाबून (यातली एनव्हीडीए कळ म्हणजे इन्सर्ट) सिंथेसायझर, म्हणजे मजकुराचा आवाज करणारा भाग, म्हणून ईस्पीक एनजी निवडा. मग एनव्हीडीए+कंट्रोल+व्ही दाबा आणि आवाजांच्या यादीत मराठी घ्या. हा आवाज यांत्रिक आहे, पहिल्या दिवशी कान किटतात. पण वेग वाढवला तरी शब्द सुटे ऐकू येतात, आणि देवनागरीबरोबर मध्ये आलेला इंग्रजी शब्दही तो वाचतो. सेटिंगच्या त्याच पानावर आपोआप भाषा बदलण्याचा पर्याय आहे, तो बंद करा. अनेक मराठी संकेतस्थळांच्या कोडमध्ये पानाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली असते. त्यावर विसंबून एनव्हीडीए मराठी आवाज बाजूला ठेवतो. शेवटी एनव्हीडीए+कंट्रोल+सी दाबून सेटिंग साठवा.

एनव्हीडीएची कळ म्हणजे इन्सर्ट. लॅपटॉपवर ती अडचणीच्या जागी असते, म्हणून पहिल्याच स्वागतपटलावर कॅप्स लॉक वापरण्याच्या पर्यायावर खूण करा. त्यानंतर कॅप्स लॉक खरोखर चालू करायचं असेल तर ती कळ पटकन दोनदा दाबावी लागते. एनव्हीडीए+१ दाबलं की प्रत्येक कळ आपलं काम सांगते, प्रत्यक्षात काही घडत नाही. सरावासाठी यापेक्षा चांगला शिक्षक नाही. ‘आवाजच गेला’ अशी तक्रार आली तर बहुधा चुकून एनव्हीडीए+एस दाबलेलं असतं. बोलणं परत येईपर्यंत तेच पुन्हा दाबत राहा. नॅरेटर आणि एनव्हीडीए मात्र एकत्र चालू ठेवू नका, दोघे एकाच वेळी बोलतात आणि त्याच कळांवर हक्क सांगतात.

मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी शिका. इंग्रजीत लिहून मराठी उमटवणाऱ्या साधनांत शब्दांची यादी समोर येते आणि प्रत्येक वेळी ती ऐकून निवडावी लागते. इनस्क्रिप्टमध्ये डीवर हलन्त, शिफ्ट+एनवर ळ, शिफ्ट+७ वर क्ष. जागा ठरलेली आहे, ती बोटांत बसते. भाषा बदलायला विंडोज+स्पेस.

आता मराठीतली जुनी डोकेदुखी. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे जुने फॉन्ट यांत टाइप केलेली फाइल डोळ्यांना मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. कृतिदेवमध्ये ‘महारा’ एवढं लिहिलं तर स्क्रीन रीडरच्या हाती ‘ई जी के जे के’ लागतं. असा अगम्य गोंधळ ऐकू आला की वर्डमध्ये एनव्हीडीए+एफ दाबून फॉन्टचं नाव ऐका. कृतिदेव किंवा श्री असं काही आलं तर आवाज बदलून उपयोग नाही आणि लाखाचा स्क्रीन रीडरही तीच अक्षरं वाचेल. त्या विशिष्ट फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत, बदलणारा कन्व्हर्टर लावा किंवा पाठवणाऱ्याकडून युनिकोड फाइल मागा. महाविद्यालयाकडून नोट्स घेताना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं.

स्कॅन केलेल्या पीडीएफचा रोग वेगळा. तिथे मजकूर नसतो, नुसतं चित्र असतं. एनव्हीडीए+आर दाबल्यावर विंडोजची अक्षरओळख चालते, पण तिला देवनागरी येत नाही. इंग्रजी पानांपुरतीच ती वापरा. मराठीसाठी फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा. स्वच्छ छापील पान बऱ्यापैकी येतं. दोन स्तंभांत ओळी एकमेकींत मिसळतात, तक्ते विस्कटतात, शिक्का पडलेल्या जागी कचरा येतो. आकडे आणि नावं दुसऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय अर्जात भरू नका.

मग जॉजवर पैसे कधी घालायचे? कार्यालयातलं सॉफ्टवेअर दूरच्या संगणकावरून खिडकीत चालवलं जात असेल तर स्थानिक एनव्हीडीएला तिथे फक्त चित्र मिळतं. काही जुन्या प्रणालींसाठी जॉजच्या खास स्क्रिप्ट, म्हणजे त्या प्रणालीत काय आणि कसं वाचायचं हे सांगणारे छोटे प्रोग्राम, लिहून घ्याव्या लागतात. अशी गरज नोकरी लागल्यावरच कळते, म्हणून शिकत असताना स्वतःच्या खिशातून परवाना घेऊ नये. रुजू होताना कार्यालयाच्या संगणक विभागाला लेखी विचारा की रोजचं काम कोणत्या सॉफ्टवेअरवर आहे आणि ते दूरस्थ चालतं का. परवान्याची गरज निघाली तर मागणीही लेखीच द्या, आणि तिच्यात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करा.