सावितच्या गावात बिऱ्हाड मांडताना

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर सावितचे, म्हणजे तेलताडाचे, मळे आहेत. तिथल्या रियाउ, जांबी, पश्चिम सुमात्रा या पट्ट्यात 'एस-पे तीन', 'एस-पे सात' अशी आकड्यांची गावं लागतात. एस-पे म्हणजे सातुआन पेरमुकिमान, सरकारी वसाहतीतली एक वस्ती. जावातली माणसं उचलून सुमात्रात वसवायचं काम डचांनी १९०५ साली लांपुंगमधल्या गडोंग तताआनपासून सुरू केलं. स्वातंत्र्यानंतर तेच 'ट्रान्समिग्रासी' या नावाने चाललं. जावातल्या वोनोगिरीची गावं गाजामुंकुर धरणाखाली गेली तेव्हा तिथली माणसं पश्चिम सुमात्रातल्या सितिउंगला आली. अख्खं गाव असं मुळासकट हललं की त्याला 'बेडोल देसा' म्हणतात. कोयनेचे धरणग्रस्त माहीत असलेल्याला जास्त सांगायला नको. आपल्याला यातून घ्यायचं ते एवढंच की पत्ता सुमात्राचा असला तरी ओसरीवरची बोली, जेवण आणि रीतभात बरीचशी जावाची असते.

इथे मराठी माणूस येतो तो लग्नाने, नाहीतर तेलगिरणीतल्या किंवा मळ्यावरच्या नोकरीने. दोघांचंही पहिलं काम एकच. उतरल्यावर चोवीस तासांच्या आत 'पाक एरते'च्या घरी जायचं. एरते हा आपल्या आळीचा प्रमुख. 'तामु वाजिब लापोर' म्हणजे पाहुण्याने कळवणं सक्तीचं, ही पाटी जागोजागी दिसते आणि ती शोभेची नाही. पासपोर्ट आणि कितास, म्हणजे मुदतीचा राहण्याचा परवाना, यांच्या दोन-दोन प्रती आणि फोटो सोबत ठेवा. पुढचा दाखला गावच्या कचेरीतून, त्यानंतरची नोंद जिल्ह्याच्या ठिकाणी. गावच्या कचेरीत सकाळी जा. शुक्रवारी नमाजाच्या वेळेपासून काम पुढे सरकत नाही. नोकरीच्या कितासवर जे पद लिहिलंय तेवढंच काम करता येतं. शेजाऱ्याच्या मळ्यात मजुरीने घड कापणंसुद्धा त्यात बसत नाही.

आता जमीन. आल्यापासून तीन महिन्यांत कोणीतरी नक्की म्हणेल, "दोन हेक्टर सोडतोय, पैसे तुमचे, नाव माझं." जाऊ नका. १९६० च्या जमीन कायद्याप्रमाणे 'हाक मिलिक', म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इथल्या नागरिकाला मिळते, आणि दुसऱ्याच्या नावाआड परदेशी माणसाने केलेला व्यवहार मुळातच रद्द ठरतो. जमीन सरकारजमा होते, दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. इथल्या नागरिकाशी लग्न झालेल्यांची अडचण आणखी बारीक आहे. लग्नानंतरची मिळकत दोघांची धरतात, त्यामुळे संपत्ती वेगळी ठेवण्याचा करार नसेल तर बायकोच्या किंवा नवऱ्याच्या मालकीवरही गदा येते. पूर्वी हा करार लग्नाआधीच करावा लागे. २०१६ मध्ये घटना न्यायालयाने लग्नानंतरही तो करता येईल असा निकाल दिला. नोटरीकडे तो उरकून मगच जमिनीकडे बघा.

कागदही तपासून घ्या. 'सेर्तिफिकात हाक मिलिक' हा पक्का कागद. 'एस्-का-ते' हा नुसता गावप्रमुखाचा दाखला. एकाच तुकड्यावर दोघांच्या नावाने निघालेला सापडतो. शिवाय जमीन 'कावासान हुतान', म्हणजे वनहद्दीत, नाही ना हे जमीन कार्यालयात विचारा. झाडं वीस वर्षांची झाली म्हणून वनहद्द हटत नाही.

गावाचा सगळा हिशेब सावितवर चालतो. जमीन मोजायची ती 'कापलिंग'मध्ये: एक कापलिंग म्हणजे दोन हेक्टर. नऊ मीटरच्या तिकोनी अंतराने हेक्टरी १४३ झाडं बसतात. लागवडीनंतर तिसऱ्या वर्षी घड कापायला येतो, पंचविशीच्या आसपास झाड काढून नवं लावायचं. रोप कुठून आणलं यावर पुढची पंचवीस वर्षं ठरतात. रस्त्याकडेला स्वस्त मिळणारं रोप बहुतेक वेळा मळ्यातल्या पडलेल्या फळांतून उगवलेलं असतं. त्यातली बरीच झाडं 'दुरा' निघतात, म्हणजे कवटी जाड, गर कमी आणि गिरणीत तेल कमी. हे कळतं ते चौथ्या वर्षी, आणि तेव्हा उपाय नसतो. बियाणं मेदानच्या सरकारी संशोधन केंद्राचं किंवा परवानाधारक उत्पादकाचं, कागदासकट घ्या.

चांगल्या रोपाला खत वेळेवर मिळालं तर हेक्टरी वर्षाला १८ ते २० टन माल निघतो. दुराचा मळा १०-१२ टनांवर अडखळतो. खत बुंध्याला चिकटवून टाकू नका. बुंध्याभोवती दीड-दोन मीटर जागा मोकळी ठेवतात, तिला 'पिरिंगान' म्हणजे ताटली म्हणतात. खत त्या ताटलीच्या बाहेरच्या कडेला, आणि जोराच्या पावसाआधी नाही.

तोडणी दर दहा-पंधरा दिवसांनी. लहान झाडाला 'दोदोस', म्हणजे दांड्याला बसवलेली रुंद पटाशी. उंच झाडाला 'एग्रेक', लांब दांड्याचा कोयता. घड पिकल्याची खूण त्याच्या रंगात नव्हे, जमिनीवर शोधा. घडाच्या दर किलोमागे एक-दोन फळं सुटून खाली पडली की तो कापायचा. ही सुटी फळं म्हणजे 'ब्रोंदोलान'. तेल त्यांच्यातच सर्वांत जास्त, म्हणून बायका वाकून एकेक गोणीत भरतात. ती सोडून देणारा आळशी समजावा. कापलेला माल चोवीस तासांत गिरणीत पोचला पाहिजे. उशीर झाला की आम्ल वाढतं आणि दर पडतो.

वजनकाट्यावर डोळे उघडे ठेवा. दलालाला 'तोके' म्हणतात. तो दर चांगला सांगतो आणि 'पोतोंगान'मध्ये, म्हणजे कपातीत, वसूल करतो: कच्चा घड, लांब देठ, ओला माल. टनामागे पाच टक्के कपात म्हणजे ९५० किलोचेच पैसे. देठ अडीच सेंटीमीटरच्या आत छाटून नेलं तर त्याची एक सबब तरी जाते. सहकारी संस्थेमार्फत गिरणीशी करार असलेल्याला प्रांताने ठरवलेला दर मिळण्याची शक्यता जास्त.

दोन हेक्टरांवर संसार चालतो का? चालतो, पण सलग नाही. वर्षातले काही महिने 'त्रेक' असतो, फळ अर्ध्यावर येतं, आणि मुलांच्या शाळेची फी नेमकी त्याच महिन्यात भरायची असते. भाव तर आपल्या हातात नाहीच. २०२२ मध्ये २८ एप्रिलपासून २३ मेपर्यंत सरकारने पामतेलाची निर्यात थांबवली आणि गावातल्या मालाचा दर कोसळला. भारत हे या तेलाचं मोठं गिऱ्हाईक, त्यामुळे त्या वेळी तिकडे तळणीचं तेल महागलं आणि इकडे फळ झाडाखाली सडलं. तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय मोटारसायकलचा हप्ता घेऊ नका.

घराचं म्हणाल तर वीज आधी पैसे भरून घ्यायची. दुकानातून वीस आकडी टोकन आणायचं, मीटरवर दाबायचं. युनिट संपत आले की मीटर कुईकुई करतो, बहुधा रात्री दोनला. गावात जोडणी बहुतेक ९०० व्हीएची, म्हणजे जेमतेम चार अँपिअर. भाताचा कुकर आणि इस्त्री चालू असताना विहिरीचा पंप सुरू झाला की वीज जाते. याला शब्द 'ञ्जगलेक'. हा लवकर पाठ होतो. तीन किलोची हिरवी टाकी, 'गास मेलोन', गरीब कुटुंबांसाठी अनुदानाची आहे. आपण साडेपाच किंवा बारा किलोची घ्यावी.

शाकाहारी माणसाने 'तेराशी' हा शब्द आधी शिकावा. कोळंबीचं हे वाटण सांबलमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, असतं आणि पालेभाजीतही असू शकतं, आणि त्याला इथे कोणी मांसाहारात धरत नाही. नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. "तान्पा तेराशी" म्हणा. तेंपे आणि ताहू (टोफू) हे सोयाबीनचे पदार्थ रोज मिळतात, मूग 'काचांग हिजाउ' नावाने, शेवग्याचा पाला 'केलोर' नावाने. तूरडाळ आणि कणीक विसरा. भाकरीसाठी 'तपुंग बरास', म्हणजे तांदळाचं पीठ, घ्या. शेजारीच ठेवलेलं 'तपुंग कतान' चिकट तांदळाचं असतं, त्याची भाकरी तव्यालाच राहते.

लग्नकार्याआधी बायका 'रेवांग'ला, म्हणजे रांधायला हातभार लावायला, जातात. आमंत्रणाची वाट पाहायची नाही. गुरुवारी रात्री कुराणातला 'यासीन' अध्याय वाचायला बसतात. तुम्ही त्या धर्माचे नसाल तर बसण्याची सक्ती नाही, पण रस्ता-गटार साफ करायच्या 'करजा बाक्ती'ला फावडं घेऊन हजर राहा. मयताच्या घरी मात्र त्याच दिवशी जायचं.

भारतातून येताना कुकर आणा आणि त्याच्या तीन-चार गास्केटही. इथे गावात ती मिळत नाहीत. प्लग दोन गोल काड्यांचा, आपला तीन काड्यांचा बसत नाही, तेव्हा अडॅप्टर हवेत. आणि मोबाइलची आयएमईआय नोंदणी विमानतळावर कस्टमच्या खिडकीतच करून घ्या, नाहीतर इथलं सिम घातल्यावर काही दिवसांनी नेटवर्क जातं.